पदवीचे पुढे काय होते?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.चा प्रकल्प केलेली एक विद्यार्थिनी पेढ्यांचा पुडा घेऊन भेटायला आली. नोकरी लागली होती. कुठे, म्हणून विचारले, तर एका दप्तरखान्यात, जुनी कागदपत्रे जतन करण्याच्या कामावर. पगार बेताचा, जागा तात्पुरती. आमच्या तोंडून पटकन निघून गेले, "म्हणजे रसायनशास्त्राची पाच वर्षे पाण्यातच गेली म्हणायची!" ती काही बोलली नाही. पुडा टेबलावर ठेवला आणि निघून गेली. पेढे आम्ही खाल्ले, पण ते वाक्य मात्र बरेच दिवस घशात अडकून राहिले.

निकालांचे दिवस आले की हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत शिक्षकांसमोर उभा राहतो. बी.एस्सी. फिजिक्स करून पुढे काय? वनस्पतिशास्त्र घेतले तर पोट भरेल का? गणिताची पदवी घेऊन मुलगा नाटकात कामे करायची म्हणतो, त्याला समजावा. या सगळ्या प्रश्नांमागे एक गृहीतक असते. पदवी म्हणजे रेल्वेचे तिकीट. त्यावर स्टेशनाचे नाव छापलेले आहे. अलीकडे उतरलात किंवा गाडी बदललीत, तर उरलेले पैसे बुडाले. आम्हीही इतकी वर्षे हेच धरून चाललो होतो. पण गृहीतक तपासून पाहायचे ही तर आपली रोजची शिकवण. म्हणून जगातल्या काही पदवीधरांकडे आम्ही या दृष्टीने पाहिले. पदवी एका विषयाची, काम भलतेच, अशी ही माणसे. प्रत्येकाबाबत प्रश्न एकच ठेवला: पदवीतले नेमके काय त्यांच्याबरोबर पुढे गेले, आणि काय मागे राहिले?

नाण्यांचे वजन

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव बहुतेक मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून माहीत असते. इतिहासाची पदवी मात्र त्यांच्याजवळ नव्हती. १९०७ साली गोव्यात जन्मलेल्या कोसंबींना वडिलांनी, म्हणजे बौद्ध साहित्याचे पंडित धर्मानंद कोसंबी यांनी, लहानपणीच आपल्याबरोबर अमेरिकेला नेले. हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढे डॉक्टरेट त्यांनी केलीच नाही. (डॉक्टरेटचे शेपूट लावून हिंडणाऱ्या आमच्यासारख्यांनी याची नोंद घ्यावी.) बनारस आणि अलीगढ येथे गणित शिकवून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले, आणि १९४५ ते १९६२ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. पुण्याहून मुंबईला 'डेक्कन क्वीन'ने जाणारे-येणारे प्राध्यापक म्हणून त्यांच्या अनेक आठवणी सांगितल्या जातात.

हा गणिती इतिहासात शिरला कसा? त्याला संख्याशास्त्र शिकायचे होते, म्हणून! नुसते पुस्तक वाचण्याऐवजी खरी आकडेवारी हाताशी घ्यावी, असे कोसंबींनी ठरवले. आधी त्यांनी परीक्षांतले गुण घेतले (हा कच्चा माल शिक्षकांजवळ मुबलक असतो) आणि मग ते प्राचीन आहत नाण्यांकडे वळले. आहत नाणी म्हणजे चांदीचे छोटे तुकडे. बहुतेकांचे मूळ वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. दर्शनी बाजूवर साधारणपणे पाच ठसे मारलेले, मागच्या बाजूला बारीक बारीक खुणा, आणि राजाचे नाव किंवा साल कोठेही नाही. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवायचे कसे?

कोसंबींची युक्ती समजायला सोपी आहे. नाणे हातातून हातात जाते तेव्हा ते किंचित झिजते. एका व्यवहारात किती झिजते हे कोणत्याही तराजूवर दिसणार नाही, पण वर्षांमागून वर्षे ही झीज साठत जाते. समजा, एकाच दिवशी पाडलेली शंभर नाणी आहेत. वीस वर्षांनी त्यांतली काही पेटीच्या तळाशी जवळजवळ कोरी राहिलेली असतील, तर काही बाजारात रोज दहा हातांतून गेलेली असतील. म्हणजे दोन गोष्टी घडतील. नाण्यांचे सरासरी वजन घटेल, आणि नाण्यानाण्यांमधला फरक वाढेल. एकट्या नाण्याचे वजन काहीच सांगत नाही, कारण ते मुळातच थोडे हलके पडलेले असू शकते. शंभर नाण्यांचा गट मात्र बोलू लागतो.

पण ही कल्पना खरी कशावरून? इथे कोसंबींनी जे केले ते आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांवर विश्वास टाकण्याआधी त्यांनी आपल्या काळातली, चलनात असलेली नाणी हजारोंच्या संख्येने वजन करून पाहिली. त्यांच्यावर साल छापलेलेच होते, त्यामुळे वय ठाऊक होते. वय वाढते तसे सरासरी वजन घटते आणि विखुरलेपण वाढते, हे त्यात दिसून आले. त्यानंतरच त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांना हे माप लावले. त्यांतल्या एका साठ्यात अलेक्झांडरची नाणीही होती, त्यामुळे तो साठा पुरला गेल्याचा काळ साधारण ठरवता येत होता. मागच्या बाजूच्या खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी, असा संबंध कोसंबींना मिळाला. याचा अर्थ त्या खुणा टांकसाळीत एकदम मारलेल्या नव्हत्या. नाणे चलनात फिरत असताना वेळोवेळी ते तपासणाऱ्यांनी त्या उमटवल्या होत्या. नाण्याच्या पाठीवर त्याच्या प्रवासाची नोंदच होती म्हणा ना!

पुढे एकातून एक प्रश्न निघत गेला. ही नाणी पाडली कोणी? ते पाहायला पुराणे आणि बौद्ध-जैन ग्रंथ उघडावे लागले. त्यासाठी संस्कृत पक्के हवे, म्हणून भर्तृहरी हाती घेतला. त्याच्या सुभाषितांची त्यांनी केलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ साली निघाली. ज्या समाजात हे सारे घडले तो समाज कसा होता, हे पाहायला पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून अश्मयुगीन हत्यारे गोळा केली. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा त्यांचा ग्रंथ आला आणि या विषयाकडे पाहण्याची एक नवी रीतच त्याने घालून दिली.

मधल्या काळात, १९४४ साली, ते जनुकशास्त्रातही डोकावून आले. गुणसूत्रावर दोन जनुके किती अंतरावर आहेत, हे संततीत त्यांची अदलाबदल किती वेळा झाली त्यावरून काढतात. अडचण अशी, की दोन जनुकांमध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती दिसतच नाही. शिवाय एका जागी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याचा संभव घटतो. हे दोन्ही जमेस धरून अंतर काढण्याचे एक सूत्र कोसंबींनी दिले. गहू-भातासारख्या पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणाऱ्यांच्या संगणक-प्रणालींत 'कोसंबी' या नावाचा पर्याय आजही असतो. तो वापरणाऱ्या कितीजणांना माहीत असेल, की हा गृहस्थ भर्तृहरीचा संपादक होता!

आता आमचा प्रश्न. हार्वर्डमधली कोणती प्रमेये आहत नाण्यांच्या कामी आली? फार थोडी. बरोबर गेली ती सवय: एकावर विसंबायचे नाही, गट घ्यायचा, माहीत असलेल्यावर माप तपासायचे आणि मगच माहीत नसलेल्याला ते लावायचे.

कोळसा आणि डीएनए

रोझलिंड फ्रँकलिन यांचे नाव डीएनएच्या रचनेशी जोडलेले असते. बारावीच्या वर्गात आपण ते घेतोही. पण त्यांची डॉक्टरेट कशावर होती, हे विचारले तर वर्गात शांतता पसरते. ती होती कोळशावर.

केंब्रिजला त्यांचे नैसर्गिक विज्ञानाचे शिक्षण १९४१ मध्ये पूर्ण झाले. पूर्ण झाले म्हणायचे, पदवी मिळाली म्हणायचे नाही. कारण त्या काळी केंब्रिजमध्ये स्त्रियांनी परीक्षा दिली तरी त्यांना पूर्ण हक्कांची पदवी मिळत नसे. ती मिळू लागली १९४८ पासून. युद्धकाळ होता. फ्रँकलिन कोळशावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत रुजू झाल्या. दगडी कोळसा दिसतो तसा भरीव नसतो. त्यात अतिशय बारीक छिद्रे असतात. ती किती बारीक आहेत हे मोजायला फ्रँकलिन यांनी कोळशाची घनता वेगवेगळे द्रव आणि हेलियम वायू वापरून काढली. हेलियमचा अणू अगदी लहान, तो छिद्रांत सहज शिरतो. मोठे रेणू दारातच अडतात. म्हणून एकाच कोळशाची घनता कशाने मोजली त्यानुसार वेगवेगळी येते, आणि त्या फरकावरून छिद्रांच्या तोंडांचा आकार कळतो. म्हणजे कोळसा ही रेणूंची चाळणीच झाली. या कामावर १९४५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्यानंतर पॅरिसमध्ये त्या क्ष-किरण विवर्तन शिकल्या. हे तंत्र सामान्यतः सुबक स्फटिकांसाठी वापरत. फ्रँकलिन यांनी ते कोळसा आणि कार्बन अशा अर्धवट शिस्तीच्या, विस्कळित पदार्थांना लावले. काही कार्बन तापवले की त्यांचे ग्रॅफाइट होते, काही कितीही तापवले तरी होत नाही, हा भेद त्यांनी १९५१ मध्ये मांडला. त्यांतल्या दुसऱ्या प्रकाराला आज कठीण कार्बन म्हणतात, आणि सोडियम-आयन बॅटरीच्या ऋण अग्रासाठी तो वापरला जातो. तेव्हा ज्या कामाला कोळशाचे काम म्हणून कोणी फारसे विचारले नसते, त्याचा धागा असा लांबवर आला आहे.

१९५१ च्या जानेवारीत त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजात डीएनएवर काम करायला आल्या. जीवशास्त्राचे शिक्षण म्हणावे तर नव्हते. पण डीएनएचे तंतू हाही एक अर्धवट शिस्तीचा पदार्थच होता. तंतूभोवतीच्या हवेतली आर्द्रता त्यांनी काटेकोरपणे सांभाळली, आणि दिसून आले की डीएनएची रूपे दोन आहेत: कोरडे 'ए' आणि अधिक ओले 'बी'. आधीच्या चित्रांत ही दोन रूपे एकमेकांत मिसळल्यामुळे घोटाळा होत असे. ती वेगळी केल्यावर १९५२ च्या मे महिन्यात, त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांच्या हातून, 'बी' रूपाचे ते प्रसिद्ध चित्र निघाले. त्यातली फुलीसारखी आकृती सर्पिल रचनेची खूण आहे. हे चित्र त्यांच्या नकळत जेम्स वॉटसन यांना दाखवले गेले, तो इतिहास सर्वश्रुत आहे. पदार्थात पाणी किती शिरते यावर त्याची रचना अवलंबून असते, हे कोळशाच्या छिद्रांत डोकावलेल्या व्यक्तीला लवकर सुचले असेल, असे आम्हांला वाटते. हा आमचा तर्क, पुरावा नव्हे.

याच गोष्टीतले दुसरे पात्र फ्रान्सिस क्रिक. ते भौतिकीचे पदवीधर. उकळबिंदूच्या वरच्या तापमानाला, दाबाखाली ठेवलेल्या पाण्याची श्यानता मोजणे हा त्यांचा पहिला विषय. इतका कंटाळवाणा विषय शोधून सापडणार नाही, असे पुढे त्यांनीच सांगितले आहे. युद्धात त्यांची उपकरणे बॉम्बने उद्ध्वस्त झाली आणि ते नौदलाच्या सुरुंगांवर काम करू लागले. तिशी उलटल्यावर आता काय करावे, असा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी स्वतःला एक कसोटी लावली. आपण मित्रांशी गप्पा मारताना कशाविषयी बोलतो? अभ्यास करतो तो विषय नव्हे, गप्पांत येतो तो आपला खरा विषय. क्रिक यांच्या गप्पांत सजीव-निर्जीवाची सीमा आणि मेंदू हे दोनच विषय वारंवार येत होते. १९४७ मध्ये त्यांनी जीवशास्त्र निवडले, १९५३ मध्ये वॉटसन यांच्यासह डीएनएची रचना मांडली, आणि डॉक्टरेट मिळाली त्यानंतर, १९५४ मध्ये!

ही गप्पांची कसोटी शिक्षकांना फार उपयोगी आहे. कलचाचणीच्या छापील प्रश्नांपेक्षा मधल्या सुट्टीत मूल कशाविषयी बोलते, हे कान देऊन ऐकावे.

गिटार आणि धूळ

वरच्या सर्वांनी विज्ञानाचीच एक शाखा सोडून दुसरे क्षेत्र धरले. विज्ञानच सोडणाऱ्यांचे काय? ब्रायन मे हे 'क्वीन' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे गिटारवादक. आमच्या विद्यार्थ्यांना त्यांची गाणी पाठ असतात, पण ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे भौतिकीचे पदवीधर आहेत हे माहीत नसते. त्यांची गिटार विकतची नाही. शाळकरी वयात, १९६३ पासून, त्यांनी ती वडिलांच्या मदतीने घरीच बनवली. तिच्या मानेचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे आहे आणि स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या.

पदवीनंतर मे यांनी संशोधनाला विषय घेतला ग्रहमालेतल्या धुळीचा. काळोख्या ठिकाणी, पहाटे पूर्वेला किंवा सायंकाळी पश्चिमेला, क्षितिजातून वर चढणारा एक अंधुक शंकूसारखा उजेड दिसतो. त्याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. ग्रहांच्या दरम्यान पसरलेल्या धुळीच्या कणांवरून विखुरलेला तो सूर्यप्रकाशच असतो. त्यामुळे त्याच्या वर्णपटात सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा जशाच्या तशा उतरतात, पण कण फिरते असल्यामुळे रेषा जागेवरून किंचित सरकलेल्या असतात. रुग्णवाहिका जवळ येते तेव्हा भोंग्याचा सूर चढा लागतो आणि लांब जाते तेव्हा उतरतो, तोच हा डॉप्लर परिणाम. मॅग्नेशियमची रेषा किती सरकली हे तेनेरीफ बेटावरून मोजून मे धुळीचा वेग काढत होते. १९७४ मध्ये प्रबंध अर्धा लिहून झाला असताना वाद्यवृंदाला यश मिळू लागले आणि प्रबंध बाजूला पडला.

तो पूर्ण झाला २००७ साली, तेहतीस वर्षांनी, साठीच्या उंबरठ्यावर. यात सवलत मिळाली असेल असे कोणास वाटेल, तर तसे नव्हे. मधल्या काळातले सारे संशोधन वाचून त्याचा परामर्श त्यांना घ्यावा लागला. १९८३ च्या अवरक्त उपग्रहाने धुळीचे पट्टे शोधले होते, त्यांचाही त्यात समावेश होता. त्यांच्या सुदैवाने त्या विशिष्ट मोजमापांकडे दरम्यान फार थोडे लोक वळले होते, म्हणून जुनी निरीक्षणे शिळी झाली नव्हती. पुढे बेन्नू या लघुग्रहावर यान उतरवण्याची जागा ठरवताना, यानाने पाठवलेल्या छायाचित्रांच्या जोड्या लावून त्यांतून उंचसखलपणा डोळ्यांना दिसेल अशी चित्रे त्यांनी तयार करून दिली. जोडचित्रांचा छंद त्यांना लहानपणापासून होता.

आंगेला मेर्केल यांचे उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण त्यातला एक धडा सरळ वर्गात नेण्याजोगा आहे. लाइपझिगहून १९७८ मध्ये भौतिकीची पदवी, रासायनिक अभिक्रियांच्या वेगावर १९८६ मध्ये डॉक्टरेट, आणि पुढे राजकारण. २००५ ते २०२१ त्या जर्मनीच्या चान्सलर होत्या. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या साथीत, त्यांनी पत्रकारांना एक साधा हिशेब समजावून सांगितला. एका रुग्णापासून सरासरी १.१ जणांना लागण होत राहिली तर रुग्णालये ऑक्टोबरात भरतील, १.२ असेल तर जुलैत, १.३ असेल तर जूनमध्येच. दशांशचिन्हापुढच्या एका अंकाने चार महिन्यांचा फरक! मुलांना हे गुणून पाहू द्यावे. सुरुवातीला १०० रुग्ण धरले, तर संसर्गाच्या दहा फेऱ्यांनंतर १.१ ने सुमारे २५९, १.२ ने ६१९ आणि १.३ ने १,३७९ नवे रुग्ण येतात. हा हिशेब त्यांना कोणी चिठ्ठीवर लिहून दिला असता तरी तो इतक्या सहजपणे सांगता आला असता, असे आम्हांला वाटत नाही.

हिशेबाची दुसरी बाजू

इथवर वाचून एखाद्या शिक्षकाने उद्याच वर्गात जाऊन "वाट बदला, काही बिघडत नाही" असे सांगितले तर ते चुकीचे होईल. बिघडते.

आल्फ्रेड व्हेगेनर यांची १९०५ ची डॉक्टरेट खगोलशास्त्रातली. काम केले हवामानशास्त्रात. आणि १९१२ मध्ये त्यांनी भूशास्त्रज्ञांना सांगितले की खंडे सरकतात. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांच्या किनाऱ्यांचे जुळणे, समुद्राच्या दोन्ही तीरांवरची सारखी जीवाश्मे, उष्ण प्रदेशांत सापडणाऱ्या प्राचीन हिमनद्यांच्या खुणा, असा नाना शाखांतला पुरावा त्यांनी एकत्र आणला. तो एकत्र दिसायला बाहेरचाच माणूस हवा होता. पण खंडे ढकलते कोण, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर चुकीचे होते. पृथ्वीच्या फिरण्यातून आणि भरती-ओहोटीतून त्यांनी सुचवलेली बले हिशेबात फारच अपुरी पडली. १९३० च्या नोव्हेंबरात ग्रीनलंडच्या बर्फात, पन्नाशी गाठून थोडेच दिवस झाले असताना, ते मरण पावले. समुद्रतळ पसरतो याचे पुरावे मिळून खंडांचे सरकणे सर्वमान्य झाले ते १९६० च्या दशकात.

कोसंबींनाही एकदा हात पोळून घ्यावा लागला. नाण्यांवर आणि जनुकांवर चाललेली संख्याशास्त्राची हत्यारे त्यांनी गणितातल्या अत्यंत अवघड अशा रीमान गृहीतकावर चालवली आणि १९५९ मध्ये त्याची सिद्धता प्रसिद्ध केली. ती टिकली नाही. सवय बरोबर नेता येते याचा अर्थ ती सगळीकडे लागू पडते असा नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही सुरुवातीला नजरेआड केली होती. कोसंबींच्या घरात विद्या होती, फ्रँकलिन यांच्या घरी पेढीचा व्यवसाय होता, मे यांच्याजवळ घरी गिटार बनवू शकणारे वडील होते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होणार आहे, अशा मुलाला क्रिकच्या गप्पांची कसोटी पुरणार नाही. त्याला आधी हप्ता भरायचा आहे. शिवाय वाट बदलून जे कोठेच पोचले नाहीत, त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही; त्यामुळे आमचा हा गट कोसंबींच्या कसोटीला उतरणारा नाही. पेटीच्या तळाशी राहिलेली कोरी नाणीच आम्ही उचलली आहेत.

खऱ्या नाण्यांचा प्रयोग मात्र शाळेत जरूर करून पाहावा. पाच रुपयांची जुनी जाड नाणी, १९९२ पासून निघालेली, ९ ग्रॅमची, अजून गल्ल्यात मिळतात. पातळ नव्या नाण्यांत ती मिसळू नयेत, त्यांचे मूळ वजनच वेगळे आहे. एकाच नक्षीची, दोन लांबच्या सालांची प्रत्येकी पन्नास तरी नाणी घ्यावीत, साबणाच्या पाण्याने धुऊन पुरती वाळवावीत. जवळच्या महाविद्यालयाकडून मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू दोन तासांसाठी मागून आणावा. सरासरी काढावी, प्रत्येक नाण्याचा सरासरीपासूनचा फरक काढून आलेख काढावा. फरक अगदी लहान येईल; कदाचित येणारही नाही, आणि मग तो का आला नाही यावर एक तास छान जाईल.

आता त्या विद्यार्थिनीविषयी. मध्यंतरी आम्ही तिच्या कामाच्या जागी गेलो. जायचे मनात बरेच दिवस होते, धीर होत नव्हता. एका लांब टेबलावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची छापील कागदपत्रे पसरली होती, हात लावताच तुकडे पडतील अशी. शेजारीच त्यांहून जुनी मोडी लिपीतली दप्तरे होती. ती जुन्नरी हातकागदावरची असल्यामुळे मजबूत होती. तिने कारण सांगितले. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांनी लाकडाच्या लगद्याचा कागद करताना शाई फुटू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ घालायला सुरुवात केली. तुरटीमुळे कागदात आम्ल राहते आणि ते सेल्युलोजच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत जाते. म्हणजे आजोबांचे कागद धड, आणि नातवाचे मोडके!

हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते, नव्हते. ती कागद चुन्याच्या सौम्य निवळीत बुडवून आम्ल घालवते. त्याआधी प्रत्येक शाईवर एक थेंब टाकून, टिपकागद लावून, शाई विरघळते का ते पाहते. आणि दर खेपेला त्याच कागदाचा एक कोरा तुकडा न बुडवता बाजूला ठेवते, त्यावर तारीख घालून. तुलनेसाठी. अशा तुकड्यांचा तिच्याजवळ एक खोकाभर साठा होता. हे काम करायला तिला तिथे कोणी सांगितले नव्हते.

आम्ही पेढ्यांच्या दिवशीचे ते वाक्य काढले आणि चुकले म्हणालो. ती हसली. "सर, मला तेव्हा वाईट वाटलं होतं," एवढेच म्हणाली. यंदा प्रकल्पासाठी आमचे दोन विद्यार्थी तिच्याकडे पाठवावेत का, असे आम्ही विचारले. तिने थोडा विचार केला, आणि मग आम्हीच पूर्वी तोंडी परीक्षेत विचारायचो त्या सुरात म्हणाली, "पाठवा ना. पण टायट्रेशन हातानं नीट येतं ना त्यांना?"